संत लूकचं पान

बेल वाजली तेव्हा मधुवंती सबनीस दुसऱ्या चहाचं आधण ठेवत होती आणि खुदेजा परकार पहिल्याच चहात खारी बुडवत बसली होती.

दर मंगळवारी खुदेजा मस्कतच्या दुसऱ्या टोकाच्या सीबहून बसने रुवीला, मधुवंतीकडे यायची. सांगायला गुडघ्याचं मलम, खरं म्हणजे गप्पा. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी दोघी एकाच महिन्यात मस्कतला उतरल्या होत्या, एक दाभोळच्या खाडीकाठची, दुसरी पुण्याची, आणि एकाच जिन्यात राहिल्या होत्या. खुदेजाने घर सांभाळलं. मधुवंतीने विमा कंपनीसाठी बंदरावर मालाची पाहणी केली. भिजलेला तांदूळ समुद्राने भिजवला की मालकाने नळाखाली धरला, हे ती पोत्यावर हात ठेवून सांगायची. आता ती मुलाच्या व्हिसावर निवांत राहत होती, पण अडलेली माणसं अजून तिचा पत्ता विचारत येत.

आज आलेली बाई पर्स छातीशी धरून उभी होती.

“मी रीटा तुस्कानो. वसईची. बाई, चार वाजता पोलीस येणार आहेत. माझ्या नवऱ्याला न्यायला.”

“आधी बसा. काय केलंय त्यांनी?”

“काही नाही केलंय. तेच तर.”

खुदेजाने खुर्ची पुढे सरकवली आणि खारीची बशीही. रीटाने दोन्हींकडे पाहिलं नाही.

ऑगस्टीन तुस्कानो एकतीस वर्षं आपल्या ओमानी मालकाच्या, सीबच्या अर्बाब हुमैद यांच्या घरी पुस्तकं बांधत होता, शिवत होता, दुरुस्त करत होता. पुढच्या महिन्यात नवरा-बायको कायमची वसईला परतणार होती. अर्बाबच्या संग्रहातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे ग्रीक भाषेतलं, हाताने लिहिलेलं चार शुभवर्तमानांचं, म्हणजे येशूच्या चार चरित्रांचं पुस्तक. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं, कातड्याच्या पानांवर लिहिलेलं. अर्बाबच्या आजोबांना ते झांझिबारला एका ग्रीक कप्तानाने दिलं होतं. काचेच्या पेटीत ते संत लूकच्या चित्रावर उघडं ठेवलेलं असे. सोनेरी रंगात न्हालेला, गुडघ्यावर पान घेऊन लिहीत बसलेला म्हातारा.

“ते पान गेलं,” रीटा म्हणाली. “ऑगस्टीन तीन आठवडे वसईला होता. शनिवारी आला, काल सोमवारी कामावर गेला. सकाळी नऊला पेटीचा रोजचा फोटो निघाला, तेव्हा पान होतं. साडेनऊला त्याने दार लावून पुस्तक बाहेर काढलं. दहाला तोच ओरडत बाहेर आला, की लूकच्या जागी छापलेला कागद आहे, खरं पान कुणीतरी कापून नेलंय.”

“आणि त्या अर्ध्या तासात खोलीत ते एकटेच.”

“एकटाच. अर्बाब म्हणाले, ऑगस्टीन, तूच कापलंस आणि तूच ओरडलास. सगळ्यांसमोर त्याची झडती घेतली. आमचं घर उलथंपालथं केलं. काही मिळालं नाही, तर म्हणाले, उद्या चारपर्यंत पान आणून दे, नाहीतर पोलीस.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “त्याला आता तुरुंगाची भीती नाही राहिली, बाई. तो म्हणतो, गावात लोक काय म्हणतील? देवाच्या पुस्तकावर सुरी चालवणारा?”

मधुवंतीने गॅस बंद केला. घड्याळात साडेदहा झाले होते.

“खुदेजा, मलम परत येताना घेऊ.”

सीबला जाईपर्यंत खुदेजा खिडकीबाहेर बघत राहिली. ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा वाळू होती, खजुराच्या बागा होत्या आणि बोटींना तेल लावत बसलेले कोळी होते. आता दुकानांमागे दुकानं. अर्बाबचं घर मात्र तिला आठवत होतं तसंच किनाऱ्याकडे तोंड करून उभं होतं, पांढरं आणि उंच भिंतींचं.

वरच्या मजल्यावर, पुस्तकांच्या खोलीबाहेर अंधारा बोळ होता. खुदेजाने दोन पावलं टाकली आणि तिचा अंगठा कशावर तरी आपटला.

“या अल्ला! हे कुणी ठेवलंय मध्ये?”

पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं, पाहुण्यांच्या सपातांनी काठोकाठ भरलेलं. बाजूला भिंतीला लागून एक उंच कपाट होतं, खाली रुंद, उथळ कप्पे, सगळ्यांत वर उघडी फळी. फळीच्या कडेवर ‘सपाता’ अशी इंग्रजीत चिठ्ठी चिकटवलेली होती आणि फळी रिकामी होती.

“लागलं?” मधुवंतीने विचारलं.

“लागलं तर काय. पण खाली ठेवलंय तेच बरं. पायातलं कुणी डोक्यावर ठेवतं काय? माझ्या सासूबाईंनी तर माझी नवी चप्पल माळ्यावरून फेकून दिली होती. खालच्या खोलीत कुराणशरीफ होतं म्हणून. पुढल्या दारी मांडवात बसलेल्या लोकांपुढे, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी!”

मधुवंतीने मान हलवली आणि कप्प्यांच्या पितळी कड्यांकडे पाहिलं. “यात काय असतं?”

“जुने समुद्राचे नकाशे,” मागून आवाज आला. “दहा वर्षांत कुणी उघडले नसतील.”

सकलैन होता, अर्बाबच्या संग्रहाचा व्यवस्थापक. म्हसळ्याचा, पंचेचाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. खुदेजाला पाहून तो वाकला. “सलाम चाची. ओळखलंत? तुमची बहीण आमच्या मोहल्ल्यात दिलेली.”

“आमिनाच्या सासरचा काय तू! किती मोठा झालास रे!” खुदेजा खुलली. मुलगा चांगल्या घरचा होता, बोलण्यातच कळत होतं.

ऑगस्टीन खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. माणूस किरकोळ अंगाचा, बोटं मात्र लांब आणि स्थिर. त्याने उठून पुस्तक उघडून दाखवलं. शिवणीपाशी कापलेल्या पानाची बोटभर रुंद पट्टी उरली होती आणि तिला छापील लूक चिकटवलेला होता.

“फोटोग्राफर कीथने चित्रांचे फोटो काढले होते. पुस्तिका छापायची होती. खऱ्या मापाच्या तीन प्रती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्यातली ही एक.”

“काचेतून फरक कळत नाही?”

“त्यांना नाही कळणार. मला हात लावल्याबरोबर कळला. हा कागद मेलेला आहे, बाई. बाकीचं पुस्तक कातडं आहे. कातडं जिवंत असतं. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आखडतं. म्हणून तर दार लावून काम करतो मी.”

“आमच्याकडे डफ असेच,” खुदेजा म्हणाली. “पावसाळ्यात लग्न असलं की बसकेच वाजायचे. मग पोरं शेकोटीवर धरून ताणून आणायची.”

ऑगस्टीनच्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं हसू आलं. “तसंच, चाची. आणि या पुस्तकात लूकचं पान सगळ्यांत हट्टी. त्याचा कोपरा नेहमी वर यायचा. मी मखमली फितीने बांधून ठेवायचो, तरी वर.”

“पेटीच्या किल्ल्या?”

“एक अर्बाबकडे. एक माझ्याकडे. रजेवर जाताना ऑफिसमध्ये ठेवून गेलो होतो.”

“ऑफिसमध्ये कोण?”

“सकलैन आणि निदा. कीथ आठवड्यातून दोनदा येतो.”

निदा ही नोंदी ठेवणारी मुलगी. मस्कतमध्येच वाढलेली, सातवा महिना लागलेली. खुदेजाने तिला बळेच खुर्चीवर बसवलं.

“उभी नको राहूस गो. पाय बघ कसे सुजलेत.”

“ओके चाची, बट आय अॅम फाइन. डॉक्टर बोलली फक्त वजन उचलायचं नाही आणि हात वर करून काही काढायचं नाही. सो मी काय करते, फोटो. रोज नऊला. अर्बाबचा रूल आहे.”

“महिन्याभरातले दाखवतेस?” मधुवंती म्हणाली.

निदाने टॅबलेट पुढे केला. तीच पेटी, तोच कोन, रोजची तारीख. मधुवंती एकेक फोटो सरकवत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

“हा सतरा तारखेचा. पानं अशी का दिसतायत?”

“ओह, तो बुधवार! एसी बंद पडला होता. होल नाईट. एवढी ह्युमिडिटी! सगळी पेजेस अशी लाटा लाटा झाली. मी रडायलाच आले. पण लूक वॉज अ गुड बॉय. बिलकुल सरळ राहिला.”

मधुवंतीने फोटो बोटांनी मोठा केला, मग मागे, मागे सरकवत नेला. खुदेजा तिच्या खांद्यावरून डोकावत होती. तिला सगळे फोटो सारखेच दिसले.

“बाहेर सपातांचं खोकं कुणी खाली ठेवलं?”

निदाने खांदे उडवले. “नो आयडिया. दोन आठवडे तिथेच आहे. ऑगस्टीन अंकल चिडणार, त्यांनी लेबल पण लावलंय.”

कीथ दुपारी माबेलाहून आला, कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर आणि कपाळावर आठ्या.

“आंटी, पहिले सगळे माझ्यावरच शक करतात. फोटो माझे, प्रिंट माझी. पण मी अंकलला फसवेन काय? माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी बांधलाय.”

“तू शेवटचा कधी आला होतास?”

“आठ तारखेला आलो, सोमवारी. मग बुधवारी, दहा तारखेला. मग पुढच्या आठवड्यात. बुधवारचं लक्षात आहे, कारण अंधारात त्या खोक्यावर पाय आपटला. सालं, नख गेलं! उचललं आणि वर फळीवर ठेवून दिलं. आणि पुढच्या वेळी येतो तर पुन्हा खाली.”

“तू वर ठेवलंस?”

“मग? जागाच ती आहे त्याची.”

सकलैन शेवटी बोलायला बसला. त्याने स्वतः कहवा ओतला, खुदेजाला खजूर दिले.

“मला स्वतःला विश्वास बसत नाही,” तो म्हणाला. “ऑगस्टीन अंकल बापासारखे आहेत. पण नऊला पान होतं आणि दहाला नव्हतं. मी अर्बाबना काय सांगणार?”

“किल्ली कुठे होती?”

“माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप नव्हतं, ही माझी चूक. कुणीही घेऊ शकलं असतं.”

“तुमचा इथला करार किती दिवसांचा?”

त्याचा हात कपावर थांबला. “पुढल्या वर्षी संपतो. माझ्या जागी इथला माणूस येईल. बावीस वर्षं झाली, चाची. मुलांना म्हसळा फक्त फोटोत माहीत आहे. चालायचंच. अल्ला मालिक.”

“आणि ते खोकं?”

“कुठलं? हां, ते. वयस्कर पाहुण्यांना खालीच सोयीचं पडतं.”

तो गेल्यावर खुदेजा हळू आवाजात म्हणाली, “मधू, मला तर सगळीच भली माणसं दिसतात. अडीच वाजले. त्या रीटाच्या तोंडाकडे बघवत नाही मला.”

“अर्बाबना वर बोलव,” मधुवंती म्हणाली. “आणि सगळ्यांना बोळात उभं राहायला सांग.”

“खोलीत नाही?”

“बोळात.”

अर्बाब हुमैद काठी टेकत आले. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला नक्षीची टोपी, डोळे रात्रभर न झोपलेले. ते हिंदीतच बोलत. लहानपणापासून मुंबईच्या व्यापाऱ्यांत वाढलेले होते. “बोला बाई. माझ्या आजोबांची अमानत होती ती. तुम्हाला काय मिळालं?”

“आधी तारीख मिळाली,” मधुवंती म्हणाली. “तुम्ही सगळे म्हणता, पान काल नऊ ते दहाच्या मध्ये गेलं. निदाच्या फोटोंत मात्र ते दोन आठवड्यांपूर्वीच गेलंय.”

“पण फोटोत तर दिसतंय!”

“चित्र दिसतंय. निदा, एसी बंद पडला त्या दिवशी काय झालं सांग.”

“सगळी पेजेस वाकडी झाली. लूक सोडून.” निदा थांबली. तिचा हात तोंडावर गेला. “ओह.”

“ऑगस्टीन सांगतात की लूकचं पान सगळ्यांत हट्टी. रोज कोपरा वर काढणारं. मग सगळं पुस्तक दमट हवेत डफासारखं बिघडलं, तेव्हा तेच एक शहाण्यासारखं कसं राहिलं? कारण ते कातडं नव्हतंच. छापील कागद होता. मी फोटो मागे मागे पाहत गेले. आठ तारखेच्या सकाळपर्यंत फितीखालून कोपरा वर आलेला आहे. नऊ तारखेपासून सपाट. तो आजतागायत सपाट. आठ तारखेला ऑगस्टीन वसईला होते, पासपोर्टवर शिक्के आहेत.”

रीटाने भिंतीला हात टेकला. ऑगस्टीन जमिनीकडे बघत राहिला.

अर्बाबनी सावकाश श्वास सोडला. “मग कुणी?”

“किल्ली उघडीच होती. प्रिंटही. निदा, कीथ, सकलैन, तिघंही आठ तारखेला इथे होते. ते राहू दे. कीथ, तेवढं हे सपातांचं खोकं जागेवर ठेव बघू. चाचीचा अंगठा सुजलाय.”

कीथ वाकला. त्याने खोकं उचलून छातीशी घेतलं, मग डोक्यावर, आणि फळीच्या कडेला टेकवलं.

“तिथं नको!”

शब्द सुटून गेला होता. सकलैन हात पुढे करून उभा होता.

“का नको, सकलैन?” मधुवंतीने अगदी हळू विचारलं.

सकलैनने हात मागे घेतला.

“मी सांगते. दोन आठवड्यांपूर्वी कुणीतरी हे खोकं खाली ठेवलं. कीथने वर ठेवलं, तर पुन्हा खाली काढलं. जड खोकं, डोक्यावरची फळी. निदाला डॉक्टरांनी हात वर करायलाही मनाई केलीय. कीथला ते वरच हवं होतं. उरला एक माणूस. पण सपाता वर असल्या तर त्याचं काय बिघडत होतं? ते मला कळलंच नसतं. खुदेजाने सकाळी सासूबाईंची गोष्ट सांगितली म्हणून कळलं. पवित्र पुस्तकाच्या वर पायातलं ठेवायचं नाही, हे तुमच्या घरांत अक्षर ओळखीच्या आधी शिकवतात. या कपाटात नकाशेच असते तर सपाता वर राहिल्याने कुणाचं काही अडलं नसतं. ऑगस्टीनचं घर तपासलंत, बॅग तपासली. हे कप्पे कुणी उघडले?”

तिने वरून दुसरा कप्पा ओढला, मग तिसरा. नकाशांच्या पिवळ्या घड्यांवर पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापड स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं. उघडताच अत्तराचा वास आला. आत लूक होता. कोपरा वर आलेला.

ऑगस्टीनच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. रीटाने कपाळाला-छातीला क्रूसाची खूण केली.

“युरोपातला एक व्यापारी आहे,” सकलैन भिंतीला पाठ टेकून म्हणाला. “गेल्या वर्षी संग्रह बघायला आला होता. म्हणाला, हे एक पान आण, तुला माझ्याकडे नोकरी, सगळ्या कुटुंबाला कागद. कायमचे. त्याचा माणूस पुढल्या आठवड्यात येणार होता. घरी नेता येत नव्हतं. दोन खोल्या, चार मुलं, कुठे ठेवणार?” त्याने वर पाहिलं. “इंजील आहे, चाची. तीही अल्लाचीच किताब. जमिनीवर कसं ठेवू?”

या मुलाच्या आईला खुदेजाने आमिनाच्या लग्नात पाहिलं होतं. पोराला अदब शिकवताना त्या माऊलीने काहीच कमी केलं नव्हतं. त्या कापडावरची इस्त्रीसुद्धा तिचीच शिकवण असणार. मग खुदेजाची नजर ऑगस्टीनकडे गेली आणि तिचा राग उसळला.

“कापडात गुंडाळलंस रे,” ती म्हणाली. “आणि हा माणूस? ह्याला कुठे ठेवलास तू? दोन दिवस सगळ्यांच्या पायाखाली!”

सकलैनने तोंड झाकून घेतलं. “मला वाटलं, ते जाणारच आहेत. अर्बाब त्यांना पोलिसांत देतील असं वाटलं नव्हतं.”

“मला काल ऑगस्टीनला काही विचारायलाही सुचलं नाही,” अर्बाब म्हणाले. ते ऑगस्टीनकडे वळले. एकतीस वर्षांत त्यांनी या माणसाची माफी मागितल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी जिन्यावरून खाली हाक मारली. आचारी आला, माळी आला, दोन्ही ड्रायव्हर आले. काल झडतीच्या वेळी अंगणात उभे होते ते सगळे.

“हा माणूस स्वच्छ आहे,” अर्बाब मोठ्याने म्हणाले. “मी चुकलो. बाहेर जाऊन हेच सांगा.” मग आवाज उतरला. “ऑगस्टीन, पोलीस येतील. त्यांना काय सांगू?”

“जे झालं ते,” ऑगस्टीन म्हणाला. “जास्त नाही, कमी नाही.”

“आणि तू? मला…”

ऑगस्टीनने हात उचलून त्यांना थांबवलं. तो खोलीत गेला, हात धुतले, पुसले. खळीचं भांडं काढलं, तांदळाच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या. पान दोन्ही तळव्यांवर आणलं आणि कापलेल्या पट्टीशी जुळवलं. मग दाराशी उभ्या असलेल्या अर्बाबकडे पाहिलं.

“या इथे. बसा.”

अर्बाब स्टुलावर बसले.

“हा कोपरा धरा. दाबायचा नाही, ओढायचा नाही. खळ सुकेपर्यंत हलायचं नाही.”

“किती वेळ?”

“सुकेपर्यंत,” ऑगस्टीन म्हणाला आणि चष्मा चढवून कामाला लागला.

खाली फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी ‘पोलीस आले’ म्हणत अर्बाबना बोलवायला वर धावत आलं. अर्बाबनी मान वळवली नाही. दोन बोटांत कोपरा धरून ते श्वास रोखून बसले होते.